वेळ कुणाचा मोजायचा?

सपाट रस्त्याच्या एक मीटर रुंदीतून एका मिनिटात सुरक्षितपणे फार तर ८२ माणसे पुढे सरकतात. पायऱ्या असतील तर ६६. ब्रिटनमध्ये खेळाच्या मैदानांसाठी जी सुरक्षा-मार्गदर्शिका तयार झाली, तिच्यातले हे आकडे. नाशिकच्या पंचवटीतल्या सहा मीटर रुंदीच्या एखाद्या रस्त्याला ते लावून पाहा. मिनिटाला ४९२ माणसे, तासाला साधारण साडेएकोणतीस हजार. तेही सगळे एकाच दिशेने चालले असतील, मध्ये कुणी चप्पल शोधायला वाकले नसेल, कडेला हातगाडी नसेल आणि समोरून कुणी येत नसेल तर. आता सिंहस्थ कुंभमेळ्यातल्या पर्वणीच्या दिवशी दहा तासांत दहा लाख भाविक रामकुंडावर येतील असे धरू. म्हणजे तासाला एक लाख. नुसते येण्यासाठी अशा साडेतीन गल्ल्या हव्यात, आणि तेवढ्याच परत जाण्यासाठी. रामकुंडाभोवती अशा सात मोकळ्या वाटा कुठे आहेत, हे नाशिककराला विचारून पाहावे.

एवढा हिशेब शाळेतले पोरही करील. तो वेळेवर झाला नाही तर काय होते, ते नाशिकने २७ ऑगस्ट २००३ रोजी पाहिले. शाही स्नानाचा दिवस होता. साधूंना आधी स्नान करता यावे म्हणून भाविकांना बांबूंच्या अडसरांमागे थोपवून धरले होते. रस्ता अरुंद, शिवाय नदीकडे उतरणारा. मागून लोंढा येतच होता आणि पुढची वाट बंद होती. रेटा वाढला, अडसर तुटले, ३९ जण गेले. कुणा साधूने नाणी उधळली म्हणून झुंबड उडाली, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. उधळली असतीलही. पण नाणी हे निमित्त झाले. बंद वाटेवर जितकी माणसे येत राहतात तितकी बाहेर पडत नाहीत, तेव्हा अपघाताची तयारी नाण्यांच्या बरीच आधी सुरू झालेली असते.

असे हिशेब आधी करणाऱ्या ज्या विषयाचे हे पुस्तक आहे, त्याचे नाव ऑपरेशन्स रिसर्च. इंजिनिअरिंगच्या आणि एमबीएच्या विद्यार्थ्यांना तो ‘ओआर’ या नावाने ठाऊक असतो. बहुतेकांच्या लक्षात त्यातली कोष्टके आणि तो पेपर सुटल्याचा आनंद एवढेच राहते. विषय मात्र रोजच्या जगण्याचा आहे. साधने मोजकी, काम मोठे, आणि ते करण्याच्या वाटा लाखो; त्यांतली सर्वांत चांगली वाट अंदाजाने न निवडता गणिताने निवडायची. त्यासाठी तीन गोष्टी आधी लिहून काढाव्या लागतात. आपल्या हातात काय आहे, काय ओलांडता येणार नाही, आणि आपल्याला नक्की काय हवे आहे. पहिल्याला निर्णय म्हणतात, दुसऱ्याला बंधने, तिसऱ्याला उद्दिष्ट. पाठ्यपुस्तकात तिन्ही आयती मिळतात, म्हणून सगळी मेहनत आकडेमोडीत जाते. प्रत्यक्षात आकडेमोड संगणक करतो आणि भांडण तिसऱ्या गोष्टीवरून असते. ते भांडण गणितज्ञांवर सोपवून नागरिकाने बाजूला बसू नये, असे मला वाटते. ही प्रस्तावना लिहिण्याचे कारणही तेच.

विषयाचा जन्म युद्धातला. दुसऱ्या महायुद्धात पॅट्रिक ब्लॅकेट हा भौतिकशास्त्रज्ञ ब्रिटिश नौदलाच्या कचेरीत बसून अटलांटिकमधल्या जहाजांच्या नोंदी चाळत होता. जर्मन पाणबुड्यांपासून वाचण्यासाठी मालवाहू जहाजे तांडा करून निघत. तांडा लहान असला तर सांभाळायला सोपा, असा नौदलाचा समज. नोंदी उलट सांगत होत्या. तांडा मोठा केला की त्यातली जहाजे जितकी वाढतात, तितका त्याचा घेर वाढत नाही, आणि राखणीच्या नौका तर घेरावर लागतात. म्हणजे तेवढ्याच नौकांत जास्त जहाजे राखता येतात. तांडे मोठे झाले, नुकसानीचे प्रमाण घटले. हाच ब्लॅकेट स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या निमंत्रणावरून भारताच्या संरक्षण-विज्ञानाला सल्ला द्यायला आला. इकडे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या मुळाशी याच जातीचे गणित ठेवले आणि १९५७ मध्ये या विषयाची भारतीय संस्थाही उभी राहिली.

युद्धाबाहेरचा पहिला मोठा प्रश्न मात्र मालवाहतुकीचा होता. १९३९ मध्ये लेनिनग्राडच्या लिओनिद कांतोरोविचने आणि १९४१ मध्ये अमेरिकेच्या फ्रँक हिचकॉकने, एकमेकांची खबर नसताना, तो मांडला. इतक्या गोदामांत इतका माल, इतक्या गावांना इतकी गरज, प्रत्येक जोडीचा वाहतूक खर्च माहीत. कुठून कुठे किती पाठवावे? १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिगने अशा सगळ्या प्रश्नांना लागू पडणारी सिम्प्लेक्स रीत दिली. पुढे १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल कांतोरोविच आणि अर्थशास्त्रज्ञ कूपमन्स यांना मिळाले, डँट्झिग बाहेरच राहिला. या अन्यायाबद्दल गणितज्ञ अजून हळहळतात.

इथे एका मराठी माणसाजवळ थोडे थांबायला हवे. नरेंद्र करमरकर १९७८ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेले, बर्कलीला रिचर्ड कार्प यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट केली आणि बेल लॅब्जमध्ये दाखल झाले. डँट्झिगची रीत व्यवहारात उत्तम चाले, पण तिला आडवे पाडता येते हे १९७२ मध्ये सिद्ध झाले होते. मुद्दाम रचलेल्या काही प्रश्नांत तिची पावले इतक्या वेगाने वाढत, की संगणकही हात टेकील. कारण तिची चाल. शक्य असलेले सगळे निर्णय मिळून अनेक पैलूंचा एक हिरा होतो असे समजा. सिम्प्लेक्स रीत त्याच्या कडेकडेने, एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर जात उत्तर शोधते. पैलू लाखांत गेले की कोपऱ्यांना गणतीच उरत नाही. १९७९ मध्ये खाचियान या सोव्हिएत गणितज्ञाने न अडखळणारी रीत दिली, पण ती कागदावरच वेगवान होती. १९८४ मध्ये करमरकरांनी हिऱ्याच्या पोटातून वाट काढली. प्रत्येक पावलाला आकृती अशी बदलून घ्यायची, की आपण पुन्हा मध्यभागी येतो आणि पुढचे पाऊल मोठे टाकता येते. त्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. गणिताच्या वाट्याला असे पान क्वचित येते.

पुढची कथा तितकी निर्मळ नाही. करमरकर ज्या कंपनीत होते तिने या रीतीचे पेटंट घेतले, ते १९८८ मध्ये मंजूर झाले, आणि गणिताच्या रीतीवर मालकी सांगता येते का, यावर वाद पेटला. त्या रीतीवर बेतलेले महागडे यंत्र अमेरिकी हवाई दलाच्या वाहतूक विभागाने घेतले. करमरकर नंतर भारतात परतले. पुण्यात टाटांच्या प्रयोगशाळेत ‘एका’ हा महासंगणक उभा राहिला त्यात त्यांचा वाटा मोठा होता, आणि २००७ मध्ये तो जगात चौथा ठरला. आज विमानांची वेळापत्रके, वीजजाळ्यांचे नियोजन, मालाची वाटणी हे सारे सोडवणाऱ्या संगणक-प्रणालींच्या पोटात सिम्प्लेक्सच्या बरोबरीने आतून जाणाऱ्या रीती बसलेल्या असतात. हे सांगायचे ते अभिमानासाठी कमी आणि हिशेबासाठी जास्त. उत्तर काढण्याचे काम चाळीस वर्षांपूर्वीच सोपे होऊन गेले. आता चुका होतात त्या प्रश्न मांडताना.

हिचकॉकच्या प्रश्नाचे कोष्टक पाहायला दूर जायला नको. मनमाडला भारतीय अन्न महामंडळाची विस्तीर्ण गोदामे आहेत. तिथून धान्य तालुक्याच्या गोदामांत जाते, तिथून रेशन दुकानांत. कोणते दुकान कोणत्या गोदामाला जोडायचे, हे बहुतेक ठिकाणी जुन्या सवयीने आणि तालुक्याच्या हद्दींनी ठरत आले. दुकान हद्दीच्या अलीकडे असले की ट्रक लांबचा फेरा घालणार, मग पलीकडचे गोदाम कितीही जवळ असो. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘अन्नचक्र’ नावाची प्रणाली आणली. जागतिक अन्न कार्यक्रम आणि दिल्लीची आयआयटी यांनी मिळून ती बांधली, आणि तिचे काम नेमके हेच, गोदाम आणि दुकान यांच्या जोड्या नव्याने लावणे. काही मार्गांवर अंतर १५ ते ५० टक्के घटते आणि देशभरात वर्षाला सुमारे २५० कोटी रुपये वाचतात, असा सरकारचा अंदाज आहे. याच जागतिक अन्न कार्यक्रमाला दुष्काळात आणि युद्धात शिधा पोचवण्याच्या नियोजनाबद्दल २०२१ मध्ये या विषयातला सर्वांत मानाचा एडेलमन पुरस्कार मिळाला. कोणत्या देशातून कोणते धान्य घ्यायचे, कोणत्या बंदरावर उतरवायचे, आणि ताटात डाळ किती, तेल किती, हे तिथे एकाच गणितात सुटते.

उत्तम काम. पण कोष्टकात खर्च कशाचा धरला आहे, तेही पाहावे. धरला आहे ट्रकचा. सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावरची बाई रोजंदारी बुडवून दुकानापर्यंत आली आणि ‘माल उद्या येईल’ ऐकून परत गेली, तर तिचा दिवस या खर्चात कुठेच नाही. गणिताने तिला वगळलेले नाही. तिला कुणी मांडलेच नाही. धान्य महिन्याच्या अमुक तारखेच्या आत प्रत्येक दुकानात पोचलेच पाहिजे, अशी एक ओळ बंधनांत घातली की तीही हिशेबात येते. खर्च थोडा वाढतो. तो किती वाढतो, हेसुद्धा हेच गणित रुपयांत सांगते, आणि माझ्या मते या शास्त्राचा खरा उपयोग तिथे आहे. दयेची किंमत कळली की ती परवडत नाही असे म्हणणे अवघड होते, कारण बहुतेक वेळा ती आपण समजतो त्याहून कमी निघते.

कांद्याचेही असेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारच्या साठ्यातला १,६०० टन कांदा लासलगाव परिसरातून एका मालगाडीने दिल्लीला गेला. पूर्ण गाडीला ७० लाखांच्या आसपास भाडे, तोच माल रस्त्याने न्यायचा तर ८४ लाख, असे तेव्हा सांगितले गेले. स्वस्त तर खरेच, पण ही स्वस्ताई गाडीभर कांदा एका मालकाचा असेल त्यालाच. ट्रॉलीभर कांदा घेऊन लिलावाच्या रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला मालगाडी भाड्याने कशी मिळणार? ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर अशी देशातली पहिली किसान रेल सुटली, तिची कल्पना वेगळी होती. दीड हजार किलोमीटरच्या वाटेवर ठिकठिकाणी थांबायचे आणि थोडा थोडा माल घ्यायचा. थांबे वाढले की वेळ जातो, वेळ गेला की डाळिंब सोसते पण पालेभाजी सोसत नाही. कुठे थांबायचे आणि कुठे नाही, हा प्रश्न दिसतो त्याहून पुष्कळ अवघड आहे. पुढे त्यावर एक अख्खे प्रकरण आहे, म्हणून इथे सोडतो.

आता पुन्हा सिंहस्थाकडे वळतो, कारण नाशिकला या शास्त्राची सर्वांत मोठी परीक्षा तिथे द्यावी लागते. आणि तिचा पहिला धडा फार जुना आहे. पेशवाईत शैव आणि वैष्णव साधूंमध्ये स्नानाच्या मानावरून रक्त सांडले, तेव्हा तोडगा निघाला तो असा, की वैष्णवांनी नाशिकच्या रामकुंडावर आणि शैवांनी त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर स्नान करावे. ज्याने कुणी हे सुचवले त्याने एका न सुटणाऱ्या प्रश्नाचे दोन सुटणारे प्रश्न केले. अशा फोडीला आज पाठ्यपुस्तकांत मोठे नाव आहे. नाशिकला मग उरला दिगंबर, निर्मोही आणि निर्वाणी या तीन अनी आखाड्यांचा आपसातला क्रम.

दुसरा धडा रांगेचा. पुढे मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत गेलेले जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये एक नियम सिद्ध केला. दिसायला तो इतका साधा, की सिद्ध करायचे काय असा प्रश्न पडावा. एखाद्या जागेत सरासरी जितकी माणसे असतात, ती म्हणजे दर मिनिटाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाचा तिथला मुक्काम. समजा एका घाटावर एका वेळी दहा हजार माणसे सुरक्षित उभी राहू शकतात. प्रत्येकाला पंधरा मिनिटे लागली तर तासाला चाळीस हजार जणांचे स्नान होते. तीच पंधराची वीस झाली की आकडा तीस हजारांवर येतो. घाट तेवढाच, पाणी तेवढेच, पण दहा हजार माणसे मागच्या गल्लीत तुंबली. म्हणून भोंग्यावरून ‘स्नान झाले की पुढे चला’ असे घसा फोडून सांगणारा शिपाई बंदोबस्तातले सर्वांत मोलाचे काम करत असतो. कपडे बदलायचे आडोसे पाण्यालगत न ठेवता परतीच्या वाटेवर हलवले, हरवलेल्यांचे केंद्र घाटापासून दूर नेले, तर एक वीटही न रचता घाट मोठा होतो.

गर्दी किती दाट झाली की धोका, याचाही अभ्यास आहे. अमेरिकी अभियंता जॉन फ्रुईन यांनी दाखवले, की एका चौरस मीटरमध्ये सातच्या आसपास माणसे झाली की माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही; गर्दी त्याला नेते. मागच्याला पुढचे दिसत नाही, म्हणून तो ढकलत राहतो. त्याचा दोष नसतो, त्याला माहितीच मिळालेली नसते. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस होता. पुढचे लोक आडोशाला थांबले आणि मागून गाड्या माणसे ओतत राहिल्या. २३ जण दगावले. त्या पुलावर ना मेळा होता, ना मिरवणूक.

२०१५ च्या सिंहस्थाची आखणी २००३ ची आठवण ठेवून झाली. गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवायच्या, तिथून एसटीच्या बस, शेवटचा टप्पा पायी. येण्याची वाट वेगळी, जाण्याची वेगळी. सगळे रामकुंडावर येऊ नयेत म्हणून गोदावरीच्या खालच्या अंगाला तपोवन, नांदूर, दसकपर्यंत घाट बांधले. नाशिकरोडला उतरणाऱ्याला दसक जवळचा. नाशिकमध्ये जन्मलेले एमआयटीचे प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने शहरात ‘कुंभथॉन’ ही कुंभासाठी उपाय शोधणारी कार्यशाळा झाली, आणि तिच्यातून शाळकरी वयाच्या निलय कुलकर्णीने मित्रांसोबत ‘आशिओटो’ नावाची चटई तयार केली. माणूस तिच्यावर पाय ठेवून गेला की मोजला जातो. कॅमेरा आणि ड्रोनच्या मानाने ही गोष्ट बाळबोध वाटेल. पण गर्दीच्या नियोजनात कायम वानवा असते ती नेमक्या याच आकड्याची. घाटावर या क्षणी किती आहेत, आणि मिनिटाला किती येताहेत.

त्या सिंहस्थात नाशिकला चेंगराचेंगरी झाली नाही, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. मात्र २९ ऑगस्टच्या पहिल्या शाही स्नानाला बंदोबस्त इतका आवळला होता, की भाविकांना कोसच्या कोस चालावे लागले, नाशिककर आपल्याच गल्लीत अडकले आणि घाटावर अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी माणसे पोचली. टीका झाली आणि १३ सप्टेंबरच्या पर्वणीला निर्बंध सैल केले गेले. ओआरच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या दिवशी उद्दिष्ट एकच होते, रामकुंडावरची दाटी कमीत कमी ठेवणे. ते साधले. कुणीच आले नसते तर आणखी छान साधले असते! सत्तरीच्या म्हातारीने चाललेले किलोमीटर, अडसरामागे थांबलेले तास, दवाखान्यात पोचू न शकलेला पंचवटीतला रुग्ण, यांची कुठे बेरीजच होत नव्हती. दोन स्नानांच्या मधल्या पंधरवड्यात शहराने गणिताचे उद्दिष्ट बदलून घेतले, तेही वर्तमानपत्रांतून आणि चौकातल्या बोलण्यातून. ते आधी, कागदावर, सगळ्यांसमोर ठरले असते तर बरे झाले असते.

वाटेचा अरुंद गळा एका ठिकाणी मोकळा केला की तो दुसरीकडे सरकतो, हेही त्याच महिन्यात जगाने पाहिले. मक्केजवळ मीना येथे हज यात्रेत जमारात पुलावर २००६ मध्ये मोठी चेंगराचेंगरी झाली. डर्क हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी तिच्या चित्रफितींचा बारकाईने अभ्यास केला, पूल नव्याने बांधला गेला, वाटा एकेरी झाल्या, गटांना वेळा नेमून दिल्या. पूल सुरक्षित झाला. २४ सप्टेंबर २०१५ रोजी, त्र्यंबकच्या शेवटच्या शाही स्नानाच्या आदल्या दिवशी, मीनामध्येच पण पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दोन लोंढे समोरासमोर आले. सरकारी आकड्यानुसार ७६९ गेले; वृत्तसंस्थांच्या मोजणीत संख्या दोन हजारांच्या वर होती.

२०२७ च्या पर्वण्या ठरल्या आहेत आणि पहिली २ ऑगस्टला, सोमवती अमावास्येला आहे. त्या दिवशी सूर्यग्रहणही आहे. आपल्याकडे ते दुपार कलल्यावर खंडग्रास दिसेल. म्हणजे पहाटेच्या स्नानाला आलेला माणूस ग्रहण सुटल्यावर पुन्हा स्नान करूनच निघायचे असे म्हणू शकतो. मुक्काम लांबला की काय होते, ते लिटलच्या नियमाने वर सांगितलेच आहे. सकाळी येणारे, सकाळचे न गेलेले आणि फक्त ग्रहणासाठी येणारे, असे तीन प्रवाह धरून हिशेब करावा लागेल. त्यात ऑगस्ट हा पुराचा महिना. गंगापूर धरणातून पाणी सोडले की ते दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले यावरून नाशिककर पूर मोजतो; तो मारुती ज्या पात्रात उभा आहे तिथूनच भाविकांच्या वाटा जातात. धरण आधीच रिकामे ठेवावे तर उन्हाळ्याचे आणि खालच्या मराठवाड्याचे काय, भरू द्यावे तर पर्वणीचे काय? साधुग्रामासाठी तपोवनातली झाडे तोडण्यावरून २०२५ च्या अखेरीस शहरात वाद झाला, त्याचीही मांडणी इथे करता येते. झाड ही पैसे मोजून दूर करायची अडचण धरायची, की ओलांडायचेच नाही असे बंधन? दोन्ही मांडण्यांत संगणक उत्तर देतो. कोणती मांडणी खरी, ते त्याला विचारू नये.

ऑनलाइन व्यवहारांत तर हे सगळे आणखी आडपडद्याने चालते. अॅपवर रिक्षा मागवली की जवळची रिक्षा येते असे आपण समजतो. प्रत्यक्षात अॅप सगळ्या गिऱ्हाइकांची आणि सगळ्या रिक्षांची एकदम जुळणी करत असते आणि आपल्याला येते ती बेरजेच्या सोयीची. त्या बेरजेत आपली प्रतीक्षा किती, चालकाचा रिकामा फेरा किती आणि कंपनीचा वाटा किती, ते अॅप सांगत नाही. याहून घरोघरी पोचलेले उदाहरण अकरावी प्रवेशाचे. नाशिक शहराने ऑनलाइन प्रवेश आधीच पाहिले होते, २०२५-२६ पासून ते राज्यभर झाले. या जुळणीमागचा सिद्धांत १९६२ मध्ये गेल आणि शॅप्ले यांनी मांडला, त्या परंपरेला २०१२ मध्ये नोबेलही मिळाले. सिद्धांत सांगतो, की विद्यार्थ्याने हवी तेवढी कॉलेजे मनातल्या क्रमाने लिहिली तर खरे लिहिण्यातच त्याचे हित असते. चतुराई करून काही हाती लागत नाही. आपण मात्र यादीला दहाची मर्यादा घातली, आणि पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळूनही घेतले नाही तर पुढच्या फेऱ्या बंद, असा नियम केला. मग घराघरांत बैठका बसतात: हे वर टाकू की ते, इथे नाही लागला तर? सिद्धांताने जी चिंता काढून टाकली होती ती नियमांनी परत आणली. आयआयटी आणि एनआयटी यांचे प्रवेश २०१५ मध्ये एकत्र आणले तेव्हा याच गणिताचा आधार घेतला होता, आणि तिथे यादी हवी तेवढी लांब ठेवू दिली जाते. मर्यादा काढायला संगणकाची ताकद कमी पडत नाही.

रुग्णवाहिकांचे उदाहरण देतो आणि आवरतो. राज्यात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ गाड्यांनिशी. समजा एका भागासाठी एकच गाडी आहे. दहापैकी नऊ बोलावणी तालुक्याच्या गावातून येतात, एक डोंगरातल्या पाड्यावरून. गाडी गावात उभी केली तर गावात दहा मिनिटांत पोचते, पाड्यावर सत्तर मिनिटांत, सरासरी सोळा. गाडी मधल्या फाट्यावर उभी केली तर सगळीकडे चाळीस; सरासरीही चाळीस. सरासरीला विचाराल तर ती गाडी गावातच ठेवा म्हणेल, दर वेळी, पाड्यावर कुणीही मरत असो. सर्वांत लांबच्याला विचाराल तर तो फाट्याकडे बोट दाखवील, आणि गावातल्या नऊ जणांना त्याची किंमत मोजावी लागेल. तिसरी मांडणी अशी: कुणालाही पाऊण तासाहून जास्त लागता कामा नये, आणि त्या अटीत राहून सरासरी शक्य तितकी खाली आणा. मग कधी असे दिसते, की एका गाडीत ते बसतच नाही, दुसरी हवी. दुसरी गाडी मागणाऱ्या आमदाराच्या हातात हा कागद असला पाहिजे. येवला, नांदगाव, सिन्नरच्या उन्हाळ्यातल्या टँकरच्या खेपांनाही तेच लागू: वाचलेले डिझेल मोजायचे, की हंडा घेऊन उन्हात बसलेल्या बाईचे तास?

पुढच्या प्रकरणांत गणित आहे, पण दहावीपुढचे थोडेच. ज्यांना चिन्हांचा धाक वाटतो त्यांनी प्रत्येक प्रकरणातला मांडणीचा भाग वाचावा आणि उकल सोडून द्यावी. काही बिघडत नाही. रांगांचे प्रकरण मात्र कुणी सोडू नये. नाशिकच्या वाचकाने ते वाचताना शहराचा नकाशा उघडून ठेवावा आणि आपल्या घराजवळच्या रस्त्याची रुंदी टेपने मोजून आणावी. सिंहस्थाची आखणी मांडणाऱ्या बैठकांत नागरिकांना प्रश्न विचारायची संधी मिळाली, तर आधी तीन आकडे मागावेत. प्रत्येक घाटावर एका वेळी जास्तीत जास्त किती माणसे धरली आहेत, एका माणसाचा तिथला मुक्काम किती मिनिटांचा धरला आहे, आणि परतीच्या वाटेची सर्वांत अरुंद जागा किती मीटरची आहे. उत्तर ‘चोख बंदोबस्त आहे’ असे आले, तर प्रश्न पुन्हा विचारावा.